मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की उचलू

माझ्या मामांचं नाशिकच्या भांडी बाजारात दुकान आहे. मूळचं तांब्या-पितळेचं, आता निम्मं स्टील आणि कुकर. जुन्या वाड्याचा तळमजला, त्याखाली दगडी तळघर, आणि दुकानाच्या पायरीपासून जो उतार सुरू होतो तो थेट गंगेवर. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पूर गोदावरीला येतो तो पेपरात. बाजारात 'गंगेला पाणी आलं' असंच म्हणतात.

रविवार, ४ ऑगस्ट २०१९ या एका दिवसाची ही हकीकत. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि माणसं जोखमीत निर्णय कसे घेतात हा माझा वर्गातला आवडता धडा. पण पुस्तकातली उदाहरणं सोंगट्यांची आणि लॉटऱ्यांची असतात, आणि मामांचं तळघर खरं होतं. त्यांनी लिहायला परवानगी दिली ती एकाच अटीवर, दुकानाचं नाव नको. "गिऱ्हाईक हसेल रे."

आदल्या दोन दिवसांपासून त्र्यंबकच्या बाजूला पाऊस कोसळत होता. श्रावण लागून तिसरा दिवस. दुसऱ्या दिवशी नागपंचमी आणि पहिला श्रावणी सोमवार एकत्र, म्हणजे तांबे, पळी-पंचपात्री, समया, अभिषेकपात्रं यांची विक्री. तळघरात गौरी-गणपतीपर्यंतचा माल भरलेला: गोणपाटात बांधलेल्या घागरी, पेपरात गुंडाळलेल्या समया आणि भिंतीला लावून छातीइतक्या उंच रचलेली कुकर-मिक्सरची खोकी. खरेदी किमतीने साडेपाच लाखांचा ऐवज.

सकाळी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला की गंगापूर धरणातून विसर्ग वाढवणार. घाटावरच्या टपरीवाल्यांनी सामान हलवायला सुरुवात केली होती. मामा छत्री घेऊन खाली जाऊन आले आणि मामींना फोनवर म्हणाले, "गुडघ्याला आहे. कमरेला लागलं की उचलू."

गुडघा म्हणजे दुतोंड्या मारुतीचा. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली ही दोन तोंडांची मूर्ती म्हणजे नाशिकची पूर मोजायची पट्टी. पोटरी, गुडघा, कंबर, छाती, गळा, आणि मग 'मारुती बुडाला'. त्याही पलीकडचं माप म्हणजे नारोशंकराच्या देवळाची घंटा. घंटेला पाणी लागलं की तो महापूर. शाळकरी पोरालाही हे माप कळतं. क्युसेक कळत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरांच्या किंचित वर. मामांना मी एकदा सांगितलं, "साधारण दोन मोठ्या कळशा, दर सेकंदाला." त्यावर ते म्हणाले, "मग वीस हजार क्युसेक म्हणजे चाळीस हजार कळशा. एवढ्या कळशा मी जन्मात विकल्या नाहीत. हे डोळ्यांपुढे येतच नाही."

नाश्त्यानंतर कमरेला लागलं. माल उचलला नाही. "छातीला लागू दे. कमरेला दर दोन वर्षांनी लागतंच."

इथे जरा थांबून हिशेब मांडतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. माल वरच्या मजल्यावर आणि रविवार कारंजाकडच्या गोदामात हलवायचा तर सहा हमाल, एक टेम्पो आणि चहापाणी मिळून सात हजार. शिवाय सणाच्या आदल्या दिवशीचा धंदा बंद, म्हणजे नफ्यातले सात-आठ हजार. एकूण पंधरा हजार. तळघरात पाणी शिरलं तर नुकसान दोन लाखांच्या आसपास, कारण तांबं-पितळ धुऊन, पॉलिश करून निघतं, पण भिजलेल्या खोक्यातला मिक्सर कुणी घेत नाही. पंधरा हजार भागिले दोन लाख, साडेसात टक्के. पाणी शिरण्याची शक्यता शंभरात साडेसातपेक्षा जास्त वाटत असेल तर माल उचलणं फायद्याचं. पूर आला तर धंदा तसाही बुडतोच, तेव्हा काटेकोर हिशेबात हा आकडा आणखी जरा खाली जातो.

नंतर एकदा मी त्यांना विचारलं, "मामा, त्या सकाळी तुम्हाला मनातून काय वाटत होतं? पाणी शिरेल असं शंभरात किती?"

"वीस," ते लगेच म्हणाले. "दहात दोनदा शिरतं एवढं पाणी असलं की."

म्हणजे त्यांना धोका माहीत होता. पुस्तकी माणूस सांगेल त्यापेक्षा बहुधा जास्तच नेमका माहीत होता, कारण त्यांनी २००८ चा सप्टेंबर पाहिलाय, २०१६ चा २ ऑगस्ट पाहिलाय, आणि वडिलांच्या तोंडून १९६९ चा पूर लहानपणापासून ऐकलाय. त्यांच्याच आकड्याने उचलण्याच्या बाजूचा कौल अडीचपटीहून मोठा होता. तरी माल जागचा हलला नाही. त्यामुळे 'लोकांना जोखीम कळत नाही, जनजागृती करा' हे नेहमीचं निदान या प्रकरणात सपशेल चुकतं.

१९७९ मध्ये डॅनियल कानेमन आणि अमॉस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध छापला. कानेमन यांना पुढे २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते मुख्यतः या कामाबद्दल. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते. त्या निबंधातला एक प्रश्न मी मामांना गल्ल्यावर बसल्या बसल्या विचारला. तीन हजार नक्की मिळणार, की शंभरात ऐंशी वेळा चार हजार आणि वीस वेळा काहीच नाही? मामा म्हणाले, "तीन हजार घेऊन घरी जाईन." आता उलटं. तीन हजार नक्की जाणार, की शंभरात ऐंशी वेळा चार हजार जाणार आणि वीस वेळा काहीच जाणार नाही? मामा जरा थांबले. "दुसरं. वीस वेळा तर वाचतील ना."

त्या मूळ अभ्यासात पहिल्या प्रश्नाला ८० टक्के लोकांनी खात्रीची रक्कम घेतली आणि दुसऱ्या प्रश्नाला ९२ टक्के लोकांनी जुगार घेतला. मिळण्याची गोष्ट असली की माणूस सावध, जाण्याची असली की तोच माणूस जुगारी. आयुष्यात मटक्याचा आकडा न लावलेले माझे मामा त्या रविवारी सकाळी साडेपाच लाखांच्या मालाशेजारी चहा पीत जुगार खेळत होते, आणि त्यांना ते जुगारासारखं वाटत नव्हतं. पंधरा हजार देणं हे 'जाणं' होतं. न देणं म्हणजे 'काहीच न करणं'.

शिवाय ते पंधरा हजार कुठल्या खिशातून जाणार होते? संध्याकाळी हमालांच्या हातावर रोख टेकवायचे. पुराचे दोन लाख गेले असते ते दैवाच्या खात्यातून, सगळ्या बाजाराबरोबर. मामांच्या मनातल्या चोपडीत या दोन नोंदी एकाच पानावर येतच नव्हत्या.

आणि २०१७ ची एक आठवण होती. त्या पावसाळ्यात असाच निरोप आला आणि मामांनी २०१६ च्या धसक्याने सगळं तळघर उपसून वर नेलं. पाणी दुकानाकडे फिरकलंसुद्धा नाही. चार घागरींना पोचे आले, एक समई हरवली, आणि समोरचे सराफ शेठ महिनाभर विचारत राहिले, "काय, आज गंगापूजनाला निघालं का दुकान?" २०१९ ला तेच शेठ आपल्या ओट्यावर निवांत बसले होते. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही मामांकडे पाहिलं असणार. दोघंही एकमेकांकडे पाहून धीर घेत होते, आणि नदी कुणाकडेच पाहत नव्हती.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण या ठिकाणी मला माझ्या विषयाशी थोडं भांडायचंय. पुस्तकं अशा वागण्याला 'चूक' म्हणून मोकळी होतात. पण भांडी बाजारात पत हीसुद्धा पुंजी आहे. 'घाबरट' हा शिक्का बसलेल्या दुकानदाराला उधारीवर माल देताना घाऊक व्यापारी दोनदा विचार करतो. उचलून पूर न येणं यात हसं होतं, न उचलता पूर येणं यात सहानुभूती मिळते. हा फरक पैशात मांडता येत नाही, पण मामांच्या तराजूत तो होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. फक्त तो दोन लाखांएवढा जड होता का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

विम्याची गोष्ट तर मला अजून टोचते. २०१६ च्या पुरानंतर मामांनी एजंटला बोलावून दुकानाच्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचं कलम ठेवून घेतलं. तेव्हा हे कलम नको असं सांगितलं की हप्ता थोडा कमी व्हायचा. २०१७ ला हप्ता भरला, २०१८ ला भरला. २०१९ च्या एप्रिलमध्ये नूतनीकरणाच्या वेळी म्हणाले, "तीन वर्षं फुकट गेले पैसे, काढून टाका ते." पूर चार महिन्यांवर होता. हे एकट्या मामांचं नाही. अमेरिकेतल्या पूरविम्याच्या पॉलिसींचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला, त्यात पॉलिसी साधारण दोन ते चार वर्षंच टिकते असं दिसलं. घर तेच, नदी तीच, पण लोक विमा सोडून देतात. पूर न आलेल्या वर्षाचा हप्ता 'फुकट' वाटतो. आगीचा हप्ता मात्र मामांना चाळीस वर्षांत कधी फुकट वाटला नाही, आणि दुकानाला आग एकदाही लागलेली नाही. यावर त्यांच्याकडे उत्तर नाही, मीही फार ताणलं नाही. (१ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी जी प्रमाणित पॉलिसी आली तिच्यात पूर मुळातच धरलेला आहे. 'हवं का' हा प्रश्नच काढून टाकला, हे मला जनजागृतीच्या दहा शिबिरांपेक्षा मोलाचं वाटतं.)

एप्रिलच्या त्या निर्णयामागे आणखी एक आकडेमोड होती. "२००८ नंतर २०१६. आठ वर्षं. म्हणजे आता २०२४ पर्यंत चिंता नाही." नदी आठ वर्षांचा नेम पाळते असं त्यांना खरंच वाटतं का, असं विचारलं तर ते हसतात. पण हप्ता वाचवताना हा नेम उपयोगी पडला. पूररेषेचे आकडेही लोक असेच वाचतात. आपल्याकडे निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं सुट्टी. खरा अर्थ एवढाच की दरवर्षी शंभरात चार शक्यता, येऊन गेला तरी चार आणि नाही आला तरी चार. दरवर्षी चार हे ऐकायला किरकोळ. पण दहा वर्षं दुकान चालवायचं म्हटलं तर निदान एकदा तो पूर गाठण्याची शक्यता ३३ टक्क्यांवर जाते, आणि पंचवीस वर्षांत ६४ टक्क्यांवर. मामा एकेचाळीस वर्षं गल्ल्यावर बसताहेत.

आता परत त्या रविवारकडे. छातीला लागलं तेव्हा दुपार व्हायची होती. मामा पुन्हा घाटाच्या तोंडाशी उभे होते, आणि या वेळी त्यांनी खरंच ठरवलं. खिशातून फोन काढला, हमालांच्या मुकादमाला लावला. सगळे जण त्याला दादा म्हणतात. दादा म्हणाला, "शेठ, आता सांगताय? माझी सगळी माणसं कापड पेठेत गेलीत. तासाभराने बघू."

दुकानात परतले तर तळघराच्या पायऱ्यांवर पाणी. मारुती अजून बुडाला नव्हता आणि नदी अजून दुकानापासून खाली होती. मग पाणी आलं कुठून? दहीपुलाच्या बाजूने. सराफ बाजाराखालून सरस्वती नाला जातो. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं, आणि वरून पाऊस सुरूच असला की गटारांच्या चेंबरमधून उलटं वर येतं. मामा नदीवर नजर ठेवून होते आणि पाणी पाठीमागून आलं.

त्या तासाभराचं वर्णन मामी करतात. त्या घरून रिक्षाने आल्या, पदर खोचला आणि खाली उतरल्या. तळघरात वीज बंद केलेली, मोबाइलचा उजेड. सर्वात खालची खोकी पाण्याने मऊ होऊन वरच्यांच्या वजनाने बसत होती आणि एकेक रास हळूच कलत होती. आवाज काहीच नाही, फक्त गोणपाटातल्या रिकाम्या घागरी तरंगायला लागल्या आणि अंधारात एकमेकींवर आपटून ठण्-ठण् वाजत होत्या. "देवळात आल्यासारखं वाटत होतं," मामी म्हणाल्या. "मी यांना म्हटलं, अहो, समया सोडा, त्या कुठं जात नाहीत. मिक्सर उचला." मामा समया उचलत होते. बापजाद्यांचा माल तो.

नंतर मारुती बुडालाही. नुकसान पावणेदोन लाखांचं. आठवडाभर सगळं घर चिंच आणि मीठ घेऊन गाळाने काळं पडलेलं पितळ घासत होतं, त्यात मीही होतो.

आता माझं म्हणणं. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टींनी, म्हणजे खात्रीचं नुकसान टाळण्याची ओढ, शेठचं हसणं आणि फुकट गेलेले हप्ते यांनी, मामांना थांबायला लावलं. पण इतका वेळ थांबता आलं ते मारुतीमुळे. दुतोंड्या मारुती हे माप म्हणून उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण तो सांगतो ते पाणी आत्ता कुठे आहे. येणार किती, हे तो सांगत नाही. ते विसर्गाच्या आकड्यात असतं, आणि धरणाखालच्या ओढ्या-नाल्यांवर पडणाऱ्या पावसात. दुसरं म्हणजे या मापाला पायऱ्या आहेत. गुडघ्याशी ठरवलेलं कमरेवर ढकलता येतं, कमरेशी ठरवलेलं छातीवर. प्रत्येक पायरीवर मामांनी निर्णय घेतला असं त्यांना वाटत होतं, आणि प्रत्येक पायरीवर निर्णय होता 'पुढच्या पायरीला'. माल हलवायला अडीच तास लागतात. छातीपासून पुढे अडीच तास उरतात का, हा प्रश्न मापात कुठेच लिहिलेला नाही.

अमेरिकेत रॉबर्ट केट्स या भूगोलतज्ज्ञाने पूरमैदानातल्या लोकांशी बोलून १९६२ मध्ये लिहिलं की ही माणसं आपल्या अनुभवाच्या कैदेत असतात: जेवढा पूर पाहिला तेवढाच पुढे येईल असं धरून चालतात. मामांचं थोडं वेगळं होतं. त्यांनी मोठे पूर पाहिलेत. पण प्रत्येक मोठ्या पुरामागे त्यांनी असे कित्येक दिवस पाहिलेत की पाणी कमरेला लागलं आणि उतरलं. आकडा लिहून दाखवला की दुर्मीळ संकट मनात मोठं होतं, स्वतः अनुभवत शिकलं की ते लहान होतं, असं २००४ च्या सुमाराला प्रयोगांतून दिसलं. नदीकाठचा माणूस सगळं दुसऱ्या पद्धतीने शिकतो. मामांचे 'शंभरात वीस' मी विचारल्यावर तोंडात आले. त्या सकाळी ते त्यांच्या हातापायांत नव्हते.

त्या दिवाळीत आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, आषाढी एकादशीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत तळघर रिकामं. चातुर्मासात जसा कांदा-लसूण बंद, तसं तळघर बंद. मामींनीच हे सुचवलं आणि त्याला धर्माची झाक दिली म्हणून ते मामांना पटलं. माझ्या टक्केवारीने पटलं नसतं. दुसरी, त्या काळातही काही माल खाली राहिलाच तर उचलायचं कधी हे मामांनी ठरवायचं नाही, मामींनी ठरवायचं, आणि तेही घरात बसून, विसर्गाचा आकडा पाहून, घाटावर न जाता. आकडा तळघराच्या दारावर तेलरंगाने लिहिलाय. तो इथे देत नाही. तो त्यांच्या उताराचा आहे, दुसऱ्याच्या कामाचा नाही. शेठनी हसायचं असेल तर मामींना हसावं, आणि मामींना हसायची शेठची छाती नाही.

पहिली तीन वर्षं हे तंतोतंत पाळलं गेलं. मागच्या पावसाळ्यात दुपारी सहज दुकानात गेलो तर तळघराच्या दारातून खोक्यांचा नवा कोरा वास. कुणीतरी चाळीस कुकर स्वस्तात दिले होते, गौरी-गणपतीला पंधरा दिवस होते.

"मामींना माहितीय?" मी विचारलं.

मामा पावती फाडत होते. "सांगतो संध्याकाळी," ते म्हणाले. "आत्ताच जाऊन आलो घाटावर. अजून पोटरीलाच आहे."